चिंचोके, ‘या ठिकाणी’ आणि मागच्या बाकावरची वही

सलाम.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तुम्ही दीड वर्षापासून पाळक आहात. मागच्या रविवारी उपासना संपल्यावर तरुण संघातल्या एका मुलाची वही बाकावर राहिली आणि ती नेमकी तुमच्या हाती आली. आत उभ्या रेघा, पाचाच्या जुडग्यांनी. शेजारी लिहिलेलं : ‘या ठिकाणी ५३, प्रियांनो २९, आमेन का १७.’ खाली भेळेचा हिशोब. चौकशी केल्यावर कळलं की पोरं दर रविवारी पैज लावतात. आता तुमचे प्रश्न तीन. ही सवय मोडायची कशी? काम पवित्र आत्मा करतो, तर मग ती मोडायची गरज तरी आहे का? आणि येत्या रविवारी मंडळीची माफी मागावी का?

मी तेहेतीस वर्षं पाळकी केली. त्यातली बारा वर्षं नव्या मुलांना उपदेश कसा तयार करायचा आणि कसा द्यायचा हेही शिकवलं. त्यामुळे या रोगाचे बरेच रोगी पाहिलेत, आणि पहिला रोगी मीच होतो.

माझा शब्द ‘त्या ठिकाणी’ होता. मला तो ऐकूच येत नसे. लग्नाला चारेक वर्षं झाली असतील, एका रविवारी जेवणं झाल्यावर बायकोने पर्स उघडली आणि टेबलावर मूठभर चिंचोके ओतले. मला वाटलं, मुलांना खेळायला आणलेत. ती म्हणाली, ‘मोजा.’ एकेचाळीस निघाले. उपासनेला बसताना तिने पर्सच्या एका कप्प्यात चिंचोके भरले होते आणि मी ‘त्या ठिकाणी’ म्हटलं की एक चिंचोका दुसऱ्या कप्प्यात टाकायची. उपदेश एम्मावस गावाच्या वाटेवर पुन्हा उठलेला येशू ज्यांना भेटला त्या दोन शिष्यांवर होता, पस्तीस मिनिटांचा. मी म्हटलं, ‘अगं, पण ते खरंच त्या ठिकाणी घडलं.’ ती म्हणाली, ‘कुठल्या ठिकाणी? वाटेवर की घरात? एवढ्या वेळा सांगितलंत, पण कुठे ते नाही सांगितलं.’

तिचं बरोबर होतं. लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात जागा नीट सांगितली आहे. यरुशलेमेपासून दूर जाणारी वाट, मग गाव, मग घर, मग जेवणाचं ताट, आणि शेवटी त्याच रात्री उलट यरुशलेमेला. ती सगळी वर्दळ मी ‘त्या ठिकाणी’ या एका पोत्यात कोंबून टाकली होती.

म्हणून त्या पोरांवर रागावू नका. मोजायला लक्ष द्यावं लागतं, झोपलेला माणूस रेघा मारत नाही. पण त्यांचं लक्ष कुठे गेलं तेही बघा. पुढचं ‘या ठिकाणी’ कधी येतंय याची वाट बघणारा कान मधलं काही ऐकत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. पवित्र आत्मा काम करतो यावर माझाही विश्वास आहे, पण त्याच्या कामात आपण दर चाळीस सेकंदांनी घंटा वाजवावी असं कुठे लिहिलेलं नाही. जुन्या करारात नहेम्याच्या ८व्या अध्यायात लेव्यांनी, म्हणजे मंदिराच्या सेवकांनी, नियमशास्त्र स्पष्ट वाचलं, अर्थ सांगितला आणि लोकांना समजेल असं केलं, असं वर्णन आहे. ‘समजेल असं करणं’ हे तेव्हापासून आपल्या कामाच्या वर्णनात बसलेलं आहे.

आता रोगाचं मूळ. बहुतेक जण समजतात की ही जिभेची खोड आहे, जीभ आवरली की झालं. मी बारा वर्षं पोरांच्या रेकॉर्डिंगा ऐकल्या आणि माझं मत पक्कं झालं : हे शब्द कुठेही पडत नाहीत. ते ठरलेल्या जागी पडतात, जिथे बोलणाऱ्याला पुढचं माहीत नसतं किंवा जिथे त्याला समोरच्यांची भीती वाटते. इंग्रजी बोलण्यातल्या ‘अ’ आणि ‘अम’ यांवर हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हेच मांडलं होतं. हे आवाज म्हणजे कचरा नव्हे, पुढे थोडा किंवा जास्त उशीर होणार आहे याची ती खूण आहे, असं त्यांचं म्हणणं. आपल्या ‘या ठिकाणी’ने त्या ‘अम’वर सदरा-पायजमा चढवला आहे, इतकाच फरक.

मराठीत तर याला आणखी एक कारण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. वाक्य सुरू करताना ते कुठे उतरणार हे ठाऊक नसेल, तर मधल्या सगळ्या वाटेवर टेकू लागतात. एक नमुना देतो. हा कुणा एकाचा नाही, अनेकांचा मिळून आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. विषय येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राचा :

‘तर या ठिकाणी आपल्याला काय पाहायला मिळतं, प्रियांनो, की तो जो धाकटा मुलगा आहे, तो या ठिकाणी, म्हणजे जो बाप त्याच्यावर प्रेम करतो, हालेलूया, तर त्या बापाकडे परत जाण्याचा जो निर्णय आहे, तो निर्णय तो या ठिकाणी घेतो. आमेन का?’

हे सावकाश मोठ्याने वाचा. पहिलं ‘या ठिकाणी’ सुरुवात करायची म्हणून आलं. ‘काय पाहायला मिळतं’ आलं कारण काय सांगायचं ते अजून जुळत नव्हतं, म्हणून प्रश्न विचारून दोन सेकंद मिळवले. दुसरं ‘या ठिकाणी’ नेमकं कर्त्यानंतर आलं. कर्ता सापडला, क्रियापद नाही. मग ‘म्हणजे’ लावून वाक्य आडरस्त्याला गेलं. तिथून परत येता येईना म्हणून ‘हालेलूया’. मग ‘तर’ म्हणून गाडी पुन्हा रुळावर. ‘जो निर्णय आहे, तो निर्णय’ हा बातम्यांच्या चॅनेलवरून आलेला पाहुणा. ‘पाऊस जो आहे तो पडतो आहे, वाहतूक जी आहे ती ठप्प आहे’ ही मंडळी आता व्यासपीठावरही पोचली आहेत. आणि शेवटचं ‘आमेन का?’ म्हणजे, ‘बाबांनो, मी कुठेतरी पोचलो असं वाटतंय, तुम्हालाही वाटतंय ना?’

सांगायचं होतं ते एवढंच : धाकट्याने घरी जायचं ठरवलं. आणि खुद्द त्या मुलाच्या तोंडी लूकने काय घातलंय? मी उठून आपल्या बापाकडे जाईन. त्यात टेकू नाही, कारण तो भुकेला आहे आणि त्याला कुठे जायचं ते माहीत आहे.

तर पहिलं काम. मोबाइलवर उपदेश रेकॉर्ड करा आणि त्यातली कोणतीही तीन मिनिटं हाताने, जशीच्या तशी कागदावर उतरवा. टाइप करणारं ॲप वापरू नका, ते ‘अं’ गाळतं आणि तुमची लाज वाचवतं. तीन मिनिटं उतरवायला पाऊण तास जाईल. मग लाल पेनाने टेकूंना गोल करा आणि प्रत्येक गोलाच्या आधीचा शब्द आणि नंतरचा शब्द बघा. गोल किती यापेक्षा ते कुठे पडले हे बघायचं आहे. माझ्याकडे शिकायला आलेल्या एकाचे सगळे ‘म्हणजे’ संदर्भवचनांच्या आधी येत. तो अध्याय आणि ओवी आठवत असायचा, आणि ‘म्हणजे, म्हणजे, म्हणजे’ करत पानं उलटायचा. मी त्याला बायबलमध्ये कागदाच्या पट्ट्या घालायला सांगितल्या. दोन आठवड्यांत निम्मे ‘म्हणजे’ गेले. जिभेला हातही लावला नाही. दुसऱ्या एकाचे ‘प्रियांनो’ फक्त पैशाचा, हुंड्याचा किंवा दारूचा विषय निघाला की वाढायचे. तो घाबरत होता, आणि घाबरला की लाडात यायचा. त्याला कागदाच्या पट्ट्यांचा काय उपयोग? त्याच्याशी वेगळं बोलावं लागलं, मंडळीतल्या दोन वडिलांविषयी, म्हणजे ज्येष्ठ कारभाऱ्यांविषयी, जे पहिल्या बाकावर बसत आणि ज्यांच्याकडे बघून त्याचा घसा सुकायचा.

तुमच्या वहीतले ५३ आणि २९ कुठे पडतात ते मला माहीत नाही. तुम्हाला तीन मिनिटांत कळेल.

आता ‘आमेन का’. यावर जरा थांबतो, कारण हा शब्द आपला नाही, मंडळीचा आहे. आमेन हिब्रूतल्या ज्या धातूपासून येतो, त्यात ‘पक्कं असणं, भरवशाचं असणं’ हा अर्थ आहे. नहेम्याच्या त्याच अध्यायात एज्रा देवाचा धन्यवाद करतो आणि लोक हात वर करून ‘आमेन, आमेन’ म्हणतात. मागून घेतलेलं नाही, त्यांचं त्यांनी म्हटलं. पौल करिंथकरांना पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात विचारतो की तू काय बोललास हे समजलंच नाही, तर बाजूचा माणूस आमेन कसा म्हणेल? म्हणजे आमेन हा समजल्याचा पुरावा होता. आपण तो वसूल करायला लागलो. दर दोन वाक्यांनी मागितला की लोक देतात, कारण आपली माणसं भिडस्त आहेत. पण मग तो रेल्वेच्या तिकिटावर मारलेल्या शिक्क्यासारखा होतो. आणि आवाज कमी आला की ‘मला जोरात ऐकू आलं नाही’ हे वाक्य येतं, ते तर लग्नाच्या ऑर्केस्ट्रातलं.

‘शेजाऱ्याला सांगा’ हे त्याचंच भावंड. मोठ्या संमेलनांत बाहेरचा वक्ता इंग्रजीत किंवा हिंदीत बोलतो आणि शेजारी उभा राहून कुणीतरी मराठी करतो. तिथे वाक्य तुकड्यातुकड्याने येतं, मध्ये दुभाष्याचा वेळ जातो, लोकांना हलतं ठेवायला काहीतरी हवं असतं. तिथली युक्ती तिथे ठीक. पण आपल्याकडची पोरं ती संमेलनं ऐकून मोठी झाली, आणि दुभाषी नसतानाही दुभाष्याची लय घेऊन बोलतात. अर्धं वाक्य, थांबा, आरोळी, पुन्हा तेच अर्धं वाक्य. चाळीस माणसांच्या मंडळीत, जिथे शेजारी बसलेली बाई तिची सख्खी जाऊ असते आणि दोघी गेल्या दिवाळीपासून बोलत नाहीत, तिथे ‘शेजाऱ्याला सांगा, तू धन्य आहेस’ म्हटल्यावर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दोघींनी छताकडे बघितलं. त्याच संमेलनांतून ‘विश्वास करा’ आलं. आपल्या पवित्र शास्त्रात विश्वास ‘ठेवतात’. ‘आशिषित’ही तिथलंच. नव्या लोकांना ते खटकत नाही, जुन्यांना खटकतं. मी त्यावर भांडत नाही, फक्त सांगून ठेवतो.

देवाच्या नावाचं मात्र वेगळं आहे. ‘या ठिकाणी’ ५३ वेळा म्हटलं तर कान दुखतात. ‘प्रभू’ ५३ वेळा टेकू म्हणून वापरलं तर दुसरंच काही दुखायला हवं. माझ्या ऐकण्यातली एक प्रार्थना सांगतो : ‘प्रभू, आम्ही प्रभू, आज प्रभू, तुझ्या चरणाशी प्रभू, आलो आहोत प्रभू.’ स्वल्पविरामाच्या जागी प्रभू. प्रार्थना करणारा माणूस भक्तिमान होता, माझ्यापेक्षा जास्तच. त्याला ऐकू येत नव्हतं, जसं मला ‘त्या ठिकाणी’ ऐकू येत नव्हतं. पण नाव व्यर्थ घेऊ नको ही आज्ञा आपण फक्त शिव्या आणि शपथांपुरती ठेवली, हे मला खटकतं. प्रभूने शिकवलेली प्रार्थना उघडा. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ हे संबोधन एकदाच आहे, पहिल्या ओळीत. योहानाच्या १७व्या अध्यायात येशू शिष्यांसाठी जी लांब प्रार्थना करतो, त्यात सव्वीस ओव्यांत ‘पिता’ अशी हाक सहा वेळा येते. आणि प्रत्येक वेळी तिथे प्रार्थना वळण घेते किंवा जोर येतो. घरात पोरगं ‘बाबा’ म्हणून हाक मारतं तेव्हा बाबा मान वर करतो. दर शब्दाला ‘बाबा’ म्हटलं तर बाबा वर्तमानपत्र खाली ठेवत नाही.

‘हालेलूया’चंही तसंच. मूळ हिब्रूत ती अनेकांना दिलेली आज्ञा आहे : तुम्ही सगळे याहची, म्हणजे देवाची, स्तुती करा. नव्या करारात हा शब्द फक्त प्रकटीकरणाच्या १९व्या अध्यायात येतो, चार वेळा, आणि तिथे मोठा लोकसमुदाय तो गर्जून म्हणतो. तो शब्द ‘माझं पुढचं वाक्य हरवलंय’ या कामाला लावणं मला जड जातं. मी विद्यार्थ्यांना एक नियम घालून दिला होता : वाक्य हरवलं तर गप्प बसा, कागदाकडे बघा, पाणी प्या, काहीही करा, पण देवाचं नाव घेऊन जागा भरू नका. या एका बाबतीत मी कडक होतो. बाकीच्यांत ढिला.

गप्प बसणं हीच खरी अडचण आहे. व्यासपीठावरचे दोन सेकंद बोलणाऱ्याला दहा वाटतात. ऐकणाऱ्याला ते दोनही वाटत नाहीत, त्याला तेवढ्यात आधीचं वाक्य गिळायला मिळतं. स्तोत्रसंहितेत ‘सेला’ हा शब्द एकाहत्तर वेळा येतो. त्याच्या अर्थावर विद्वानांचं एकमत नाही, पण पुष्कळ जण तो गायन-वादनातला थांबा मानतात. आपण वाचताना तो गाळतो आणि पुढे पळतो.

मला कीर्तनाचा यात उपयोग झाला. रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती कीर्तन करत, आणि आपल्या मंडळ्यांत ती परंपरा अजून पार आटलेली नाही. कीर्तनकाराचं वाक्य संपलं की टाळ वाजतात, मागचे अभंगाचं पालुपद उचलतात. त्याला श्वास घ्यायला, पुढचं जुळवायला आयती जागा मिळते. पालुपद मागच्यांचं असतं, आणि ते सगळ्यांना पाठ असतं. आपण टाळकरी काढून टाकले, एकट्याला उभं केलं, आणि मग पालुपदंही त्यालाच म्हणावी लागली : ‘आणि म्हणून माझ्या प्रियांनो.’ एकदा हे लक्षात आल्यावर मी उपदेशाच्या मध्यावर, जिथे विषय वळतो तिथे, ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातलं एक कडवं मंडळीला म्हणायला लावू लागलो. पेटीवाल्याला आधी सांगून ठेवायचो. त्या दीड मिनिटात माझा घसा ओला व्हायचा, डोकं पुढच्या मुद्द्याला लागायचं, आणि शेवटी ‘त्या ठिकाणी’ची गरज कमी पडायची. हे प्रत्येक मंडळीत चालेल असं नाही. एका ठिकाणी (हे खरंच ठिकाण आहे) वडिलांनी हरकत घेतली की उपदेशाचा वेळ गाण्यात जातो.

उपदेशाचा वेळ म्हटला म्हणून : लांबीचा आणि पालुपदांचा सरळ संबंध आहे. वीस मिनिटांचा मजकूर चाळीस मिनिटं ताणला की मधली वीस मिनिटं टेकूंचीच असतात. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये व्हॅटिकनमध्ये धर्मगुरूंना सांगितलं की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये, नाहीतर लोक झोपतात. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आठ मिनिटांत बसकण मारली तर लोक पाळकसाहेबांची तब्येत विचारतील, हे मला कळतं. पण पस्तीसचे पंचवीस करून बघा. आणि ‘शेवटचा मुद्दा’ हा शब्द ज्याच्यानंतर खरोखर शेवटचा मुद्दा येणार आहे त्याच्याच आधी वापरा. ‘शेवटी’, ‘सरतेशेवटी’, ‘आणि एकच गोष्ट सांगून थांबतो’ ही तीन विमानं एकाच धावपट्टीवर घिरट्या घालतात आणि एकही उतरत नाही. पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं तेव्हा युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून पडला. पौलाला त्याला उठवता आलं. आपल्याला जमेलच असं नाही.

सुरुवातीच्या माफीलाही हेच लागू. ‘तयारीला वेळ मिळाला नाही’, ‘मी अयोग्य दास आहे’, ‘थोडक्यात सांगतो’. पहिलं ऐकून लोकांना वाटतं, मग आम्ही कशाला आलो? दुसऱ्याला कुणी विरोध करत नाही. तिसरं कधीच खरं होत नाही.

सवय मोडण्याची रीत सांगतो, पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. एका वेळी एकच शब्द धरा. तुमच्या वहीतले तिन्ही एकदम धरलेत तर रविवारी तुम्ही व्यासपीठावर स्वतःवर पहारा देत उभे राहाल, आणि पहारेकऱ्याला उपदेश करता येत नाही. मी सहसा ‘आमेन का’पासून सुरू करायला सांगतो, कारण तो वाक्याच्या शेवटी येतो आणि तिथे पकडायला सोपा. ‘या ठिकाणी’ वाक्याच्या पोटात असतो, त्याला वेळ लागतो. त्यासाठी उपाय वेगळा. उपदेशाचा प्रत्येक मुद्दा ज्या वाक्याने सुरू होतो आणि ज्या वाक्याने संपतो, ती वाक्यं पूर्ण लिहा, क्रियापदासकट. मधलं बोलताना सुचू द्या. मी क्रियापदाखाली दोन रेघा मारायचो. लिहिलेलं वाक्य बारा-तेरा शब्दांच्या वर गेलं की तोडा. ‘जो की’, ‘ज्यामध्ये की’ असे दोन ‘की’ एका वाक्यात आले तर तिथे दोन वाक्यं आहेत.

मोजायला एकच माणूस ठेवा, आणि तो असा निवडा की ज्याच्यावर तुम्ही सोमवारी चिडणार नाही. सगळ्या मंडळीला ‘माझ्या चुका सांगा’ म्हटलंत तर तुमच्या पँटच्या इस्त्रीपर्यंत यादी जाईल. माझे चिंचोके एकेचाळीसवरून अकरावर यायला सात महिने लागले. मधे एक मजा झाली. ‘त्या ठिकाणी’ कमी झालं आणि ‘खऱ्या अर्थाने’ सुरू झालं. बायको म्हणाली, ‘आता चिंचोके नकोत, हरभरे आणते.’ टेकू काढला आणि भिंत तशीच तिरकी राहिली, तर दुसरा टेकू येतोच. त्यानंतर मी शब्दाचा पिच्छा सोडून तयारीच्या मागे लागलो, शनिवारी रात्री नऊऐवजी मंगळवारी सकाळी बसायला लागलो.

सगळंच काढायचंही नाही. योहानाच्या शुभवर्तमानात ‘मी तुम्हांला खचीत खचीत सांगतो’ हे येशूच्या तोंडी पंचवीस वेळा आहे. तुमच्या पोरांनी ती वही तिथे नेली असती तर तिथेही रेघा पडल्या असत्या. पण प्रत्येक खचीत खचीतच्या पुढे असं काहीतरी येतं की जे ऐकून निकदेम गोंधळतो, कुणी दगड उचलतो, पेत्राला कोंबडा आरवण्याआधीचं भाकीत ऐकावं लागतं. तुमच्या ‘प्रियांनो’च्या पुढे काय येतं ते बघा. आमच्या लहानपणी एक म्हातारे पाळकसाहेब होते, दर रविवारी तीन-चारदा चष्मा कपाळावर सरकवून ‘ऐका बरं का आता’ म्हणायचे. आम्ही पोरं शेंगा खात असलो तरी थांबायचो, कारण आता गोष्ट येणार हे माहीत असायचं. त्यांची ती लकब कुणी काढून घेतली असती तर मला वाईट वाटलं असतं. जुन्या पिढीतल्या काहींची भाषाच पवित्र शास्त्राची झालेली असते. नळाला पाणी आलं नाही हे सांगतानाही ‘आणि असे झाले की’ म्हणायचे. त्याने कुणाचं लक्ष विचलित होत नाही, उलट जाग येते.

आणखी एक फरक करायला विसरू नका. अडखळणं, तोतरं बोलणं म्हणजे पालुपद नव्हे. मोशेने आपण जड जिभेचे आहोत असं सांगितलं होतं, आणि पौलाच्या बोलण्याला करिंथात लोक टाकाऊ म्हणत. तुमच्या मंडळीत शास्त्रवाचन करणारा कुणी अडखळत असेल तर त्याच्यावर हे उपाय चालवू नका आणि त्याचं वाक्य पुरं करू नका. त्याला हवी असेल तर वाचा-उपचार करणाऱ्यांची मदत मिळते. हवी नसेल तर मंडळीने थांबायला शिकावं.

माफीचं राहिलं. रविवारी व्यासपीठावरून मागू नका. एक तर ती सुरुवातीची माफी होईल, तिच्याविषयी वर बोललोच. दुसरं म्हणजे ज्या साठ माणसांना आजवर ‘या ठिकाणी’ ऐकू येत नव्हतं, त्यांनाही ते ऐकू यायला लागेल आणि पुढचे सहा महिने तुमचे हाल होतील. ती वही त्या मुलाला एकट्याला गाठून परत द्या. त्याला विचारा, दर रविवारी उपासना संपल्यावर आकडा मला देशील का, आणि फक्त ‘आमेन का’चा. तो बावरेल, मग तयार होईल. पैज बंद करायला सांगू नका, ती आपोआप मरते. मोजण्याला परवानगी मिळाली की पोरांची मजा जाते.

आणि ती तीन मिनिटं रविवारच्या उपदेशातली घेऊ नका. ही वही सापडल्यापासून तुम्ही रविवारी सावध असणार. बुधवारी कुणाच्या घरी प्रार्थनासभा असते ना, चहाच्या आधी, सतरंजीवर बसून, तिथली घ्या. तिथे तुमची जीभ मोकळी असते. उतरवून झालं की फोटो काढून पाठवा, लाल गोलांसकट. अक्षर कसंही असलं तरी चालेल.